धानाच्या गावातला भात

भंडारा जिल्ह्यातले ते प्रकरण आजही आठवले की मला स्वतःचाच राग येतो. तिथल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गोंदिया वेगळा होऊन बरीच वर्षे झाली होती आणि खेड्यापाड्यांतल्या भानगडी आता आधी मोबाईलवर दिसत.

एका सकाळी खबऱ्याने व्हिडिओ पाठवला. धान खरेदी केंद्रावरचा ग्रेडर, म्हणजे आलेला माल तपासून घ्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस, एक ट्रॅक्टर परत पाठवताना दिसत होता. वर लिहिले होते, हा लाच खातो. दुपारपर्यंत हजारो लाईक पडले. खाली शेकडो प्रतिक्रिया, सगळ्या गावकऱ्यांच्या नावाने. 'आमचा भात याने नाकारला', 'केंद्राला कुलूप ठोकू'.

गाव पेटले आहे, असे मी धरून चाललो. ग्रेडरला बोलावून दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले. जबाबात तो एकच सांगे, "माल ओला होता जी साहेब. म्हणून परत केलो. माही चूक काय?" त्याच्या घरातली ती पहिली पगाराची नोकरी. तरी मी केंद्र चालवणाऱ्या संस्थेला पत्र दिले की, याला केंद्रावर ठेवल्यास शांतता भंग होण्याची शक्यता आहे. त्यांनी त्याच दिवशी त्याला काढून टाकले. वेळीच पावले उचलली म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चार दिवसांनी प्रतिक्रियांचे छापील कागद फाईलला लावताना आमची इथल्याच नाकाडोंगरी गावची महिला हवालदार थांबली.

"सर, हे लोक इकडचे नाहीत. वावरात धान असते. भात तं ताटात असते."

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे शेतातही भातच, त्यामुळे माझ्या कानाला काही खटकलेच नव्हते. सायबर शाखेने खाती तपासली. झाडून सगळी बनावट, बहुतेक त्याच आठवड्यात उघडलेली. लाईकही विकतचे.

परत गेलेला ट्रॅक्टर एका व्यापाऱ्याचा होता. त्याला समोर बसवले. तासभर त्याने कानावर हात ठेवले. मग मी काही न विचारता प्रतिक्रिया मोठ्याने वाचायला लागलो. भात, भात, पुन्हा भात. चौथ्या कागदाला त्याचा तोल गेला.

"धान लिवा म्हणून सांगतलो होतो ना जी त्याईले!"

बोलला आणि त्याने जीभ चावली. पैसे घेऊन मोबाईलवर खोटा प्रचार करणाऱ्या मुंबईकडच्या एकाला त्याने हे काम दिले होते. गुन्हा दाखल झाला.

ग्रेडरला सांगायला मी स्वतः त्याच्या गावी गेलो. तो मजुरीला गेला होता, निरोप धाडून बोलावले. "आरोप खोटा निघाला," मी म्हणालो. "तुमच्या गावातल्या एकानेही तुमच्याविरुद्ध लिहिलेले नाही."

त्याला आनंद झालेला दिसला नाही.

"थे तं मले मालूमच होतं जी. पण साहेब, तुमी गावात येऊन कोणाले इचारलं काहून नाही?"

गाव ठाण्यापासून वीस मिनिटांवर आणि जीप दारात उभी असायची. मी संस्थेला दुसरे पत्र दिले, पण तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस बसला होता. त्याला परत घेतले नाही ते नाहीच.

पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी सांगत आलो की, मोबाईलवरचा आकडा बघण्याआधी गावात जाऊन चार माणसांशी बोला. त्यांना ते उपयोगी पडले असेल. ज्याच्यामुळे मला हे शहाणपण आले, त्याला मात्र त्याचा काहीच उपयोग झाला नाही.