विंगेतली सुमन

सुमन गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. दुपारी जेवायला येताना ह्यांनी दुकानातला पेपर हातात आणला, माझ्यापुढे ठेवला आणि पाटावर बसले. आतल्या पानावर चार ओळी होत्या, ‘सर्वसामान्य वाचकांसाठी कलाविषयक पुस्तके लिहिणाऱ्या’ अशा सुरू होणाऱ्या, आणि वर तिचा फोटो. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की हिचा फोटो छापून आला. माहेरी, नागावला आमच्या दोघींच्या वाड्यांमध्ये फक्त एक कुंपण होतं, आणि तिच्या मरणाची बातमी मला इतर वाचकांबरोबर कळावी, याचाही राग आला. आजारी आहे हे माहीत होतं. दुखणं इतकं पुढे गेलंय, हे तिने कळू दिलं नव्हतं…

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गावातल्या तरुणांनी नाटक बसवायचं ठरवलं. ते आमच्या शाळेतल्या मास्तरांनीच लिहिलं होतं. तोवर बाईचं काम एखादा मुलगाच मिशी काढून करायचा. या वेळी सुनेचं काम मुलगीच करील, असा मास्तरांनी हट्ट धरला. घरोघरी बोलणी झाली, माझ्या काकांनी अबोला धरला, शेवटी वडील म्हणाले, करू दे. ते काम खरं तर सुमनला हवं होतं. तिला आख्खं नाटक पाठ होतं, माझ्यासकट सगळ्यांची वाक्यं. पण उभी राहिली की हातांचं काय करावं हे तिला कळेना, आवाज घशातच राही. मास्तरांनी काम मला दिलं आणि तिला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवलं. शेवटच्या प्रवेशात सून कमरेची चाव्यांची जुडी सोडून सासूपुढे ठेवते, “येते मी” एवढंच म्हणते आणि कायमची घराबाहेर पडते. मी जुडी ठेवली आणि बोललेच नाही. वाक्य विसरले नव्हते, बोलवेना. विंगेतून सुमन कुजबुजत होती, “येते मी, इंदू… येते मी…” मी तशीच उभी राहिले, मग बोलले. मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढे कितीतरी दिवस रस्त्याने जाताना बायका मला थांबवून माझं तोंड निरखायच्या. सुमन बरोबर असायची. तिला कुणी काही विचारत नसे.

पुढच्या वर्षी लग्न होऊन मी माणगावला आले. सासरी नाटकाला कुणी मनाई केली नाही, कुणी विचारलंही नाही. सुमन मुंबईला मामाकडे गेली, शिकली, एका वाचनालयात नोकरीला लागली, लग्न केलं नाही आणि पुस्तकं लिहू लागली. पहिलं नाटक कसं पाहावं याबद्दल, दुसरं चित्रांबद्दल, तिसरं देवळं, किल्ले आणि घरं यांबद्दल. या गोष्टी आपल्याला कळायच्या नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी साध्या बोलीत लिहिलेली. प्रत्येक पुस्तक ती मला पाठवी. मी ते फळीवर ठेवून द्यायची आणि घरात कुणी नसताना काढून वाचायची. चूक सापडावी म्हणून वाचायची. तिसऱ्या पुस्तकात नागावच्या घरांवर प्रकरण होतं. पडवीचं छप्पर एवढं खाली का उतरतं, तर समुद्राकडून येणारं पावसाचं झोडपणं भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून, आणि आत बसलेल्याला त्याखालून आभाळ दिसत नाही, अंगण तेवढं दिसतं, म्हणून ते घर इतकं आपलं वाटतं, असं तिने लिहिलं होतं. लग्नापर्यंत मी तसलीच पडवी रोज झाडली होती. मला हे कधी दिसलं नव्हतं. पुस्तक मिटलं आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. माझी मुलगी शाळेत सांगायची, त्या पुस्तकांवर नाव आहे ना, ती माझी सुमनमावशी. आई नाटकात काम करायची हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिला ते माहीतच नव्हतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी माणगावच्या वाचनालयाने सुमनला व्याख्यानाला बोलावलं. उतरली माझ्याकडेच. बाजाराचा दिवस होता, आसपासच्या खेड्यांतल्या बायकाही येऊन बसल्या. सुमन छान बोलत होती, आता आवाज कुठे अडकत नव्हता. नाटकात न बोलण्यालाही किती मोल असतं ते समजावत होती. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “न बोलता नाटक कसा व्हईल बाय? मला न्हाय समजला.” सुमनने पुन्हा सांगून पाहिलं. मग माझ्याकडे वळली. “इंदू, तू दाखव.”

मी नको नको म्हणत उठले. कमरेला घरच्या चाव्या होत्याच. त्या सोडून टेबलावर ठेवल्या आणि थांबले. सगळं जसंच्या तसं परत आलं. माझी मुलगी मला ओळखत नसल्यासारखी बघत होती. मी सुमनकडे पाहिलं. तिचे ओठ आवाज न करता हलत होते, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. तिची पुस्तकं वाचताना माझ्या चेहऱ्यावर तेच असणार. मग मी “येते मी” म्हटलं. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. उरलेलं व्याख्यान कुणी फारसं ऐकलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी चहा घेत होतो. सुमन म्हणाली, “तुझ्यासारखं एकदा तरी थांबता आलं असतं ना, तर मी एकही पुस्तक लिहिलं नसतं.”

“आणि मला लिहिता आलं असतं तर?” मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने गेली. तीच शेवटची भेट. तिलाही माझा हेवा वाटतो, याचं सुख मला पुढे कितीतरी दिवस पुरलं. आता ती नाही, आणि हेवा कुणाचा करायचा ते कळत नाही…

गेल्या आठवड्यात गावात एक नाटक मंडळी आली. मुलीने फारच आग्रह धरला म्हणून गेले. नायिका मोठं भाषण करत होती आणि माझ्या ध्यानात आलं, की मी बघतेय ते कोपऱ्यात मुकाट उभ्या असलेल्या नोकराकडे. सुमन असंच बघायची. बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात, नाटक घडतं ते ऐकणाऱ्याच्या तोंडावर, असं तिने लिहूनही ठेवलंय. मी नेटाने नायिकेकडे मान वळवली. पण नजर पुन्हा नोकराकडेच गेली. रंगमंचावर मी उभी राहिले होते, आणि बघते मात्र तिच्या डोळ्यांनी. मला तिचा फार राग आला. मग शेजारी पाहिलं. माझी मुलगीही नोकराकडेच बघत होती.