खांद्यावरच्या अक्षता

माझ्याकडे सगळ्याची यादी असते. किराण्याची, पाहुण्यांची, सासूबाईंच्या गोळ्यांची. बारामती एमआयडीसीत दुधाच्या पॅकिंगला मी सुपरवायझर आहे, तिथंही याद्याच. पण एक गोष्ट मी कुठल्याच वहीत लिहिली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

त्याआधी सलीमभाईंबद्दल ऐका. टाळाटाळ करत नाही — सगळं त्यांच्यापासूनच सुरू होतं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. स्टँडवर सलीमभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गावच्या बातम्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी काढला आणि ‘ताई, तुमी शिस्तीच्या’ म्हणून मलाही ॲडमिन केलं. निवडणूक आली की मोबाईलवर काय काय येऊन पडतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कोण फुटला, कोण नाराज, कुणी माघार घेतली. सलीमभाई त्यातलं काहीच तसं पुढे ढकलत नसत. ज्याचं नाव असेल त्याला फोन लावत. लागला नाही तर शटर अर्धं ओढून मोटारसायकलवर जाऊन येत. एकदा गावातल्या जुन्या पुढाऱ्यांना दवाखान्यात हलवल्याची बातमी आली, तर हे थेट त्यांच्या उसात. परत येऊन ग्रुपवर लिहिलं, ‘आबा ठणठणीत हायत. पाणी धरत्यात. मलाच दोन शिव्या दिल्या.’

आणि नजर? दोन कट्टर विरोधक फेटे बांधून एका सोफ्यावर बसलेले, असा फोटो आला की गाव म्हणायचं, झाली युती. सलीमभाई बोटांनी फोटो मोठा करायचे. ‘ताई, खांद्यावर अक्षता बघा. लग्नातला फोटो हाय. लग्नात कोण कुणाशेजारी बसत न्हाय?’ मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. बातमी पारखायच्या यादीत चौथा मुद्दा — अक्षता.

मग मी काय केलं?

ग्रामपंचायतीच्या मतदानाचा आदला दिवस. सलीमभाई सुटे भाग आणायला पुण्याला गेलेले. सकाळी डबा भरताना माझ्या मोबाईलवर फोटो आला — आमच्या वॉर्डातल्या उमेदवार सुमनताई आणि समोरच्या पॅनेलचे प्रमुख, शेजारी शेजारी, फेट्यात. खाली ओळ : सुमनताईंचा समोरच्या पॅनेलला जाहीर पाठिंबा. घाई होती म्हणू का? नव्हती. त्या दिवशी कामावर माझी दुसरी, दुपारची पाळी होती. मला फक्त सलीमभाईंच्या आधी बातमी टाकायची होती — एकदा तरी. टाकली.

दुपारी कळलं, फोटो सुमनताईंच्या पुतणीच्या लग्नातला. अक्षता होत्या. फेट्याच्या घडीतसुद्धा होत्या. मी फोटो पुसला, पण तोवर तो सगळ्या वॉर्डात फिरला होता. कामावर न जाता मी दुकानापाशी सलीमभाईंची वाट पाहत थांबले. ते आले, पाठोपाठ सुमनताई आल्या. ‘तुमच्या ग्रुपवर आलं म्हणून लोकांनी खरं धरलं, ताई. कशावरनं टाकलंत?’

आणि मी म्हणाले — ‘सलीमभाईंनी खात्री केली होती.’

कुठल्याच वहीत न लिहिलेलं ते हेच. एवढंच, आणि हे सगळं.

त्यांनी तो फोटो तोवर पाहिलाही नव्हता. पिशवी अजून हातात होती. माझ्याकडे एकदा बघितलं, मग सुमनताईंना म्हणाले, ‘व्हय, चुकलंच माझं.’ स्वतःच्या नावानं ग्रुपवर माफी लिहिली. मग मोटारसायकल काढून वॉर्डात घरोघर गेले, मोबाईल पुढे करून एकेकाला अक्षता दाखवत. मी काय केलं? घरी जाऊन स्वयंपाक.

सुमनताई पडल्या. फोटोमुळंच का? मला माहीत नाही — आणि त्या माहीत नसण्याआड मी लपत नाही.

पुढे स्टँडवर टोमणे सुरू झाले. ‘भाई, आमच्या पोराचं बी लगीन हाय, या की युती करायला.’ ते हसून पुन्हा कामाला लागायचे. बातमी खरी का, हे लोक त्यांना विचारेनासे झाले. मला विचारू लागले. माझ्या वहीतली यादी आता गावातल्या मोबाईलमध्ये ‘ताईंची यादी’ म्हणून फिरते. तिच्यातला एकही मुद्दा माझा नाही. त्यांनी गप्प का घेतलं अंगावर? मी कधी विचारलं नाही. विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं.

आता पुन्हा निवडणुकीचं वारं आहे. गेल्या आठवड्यात सलीमभाईंनी मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘ताई, मी दोन फोन केलेत. तरी एकदा तुमी बघा, मग टाकू.’

मी फोटो मोठा केला. खांदे पाहिले, फेटे पाहिले. ‘बरोबर आहे’ म्हणून कळवलं.

माझा शब्द आल्यावरच त्यांनी तो ग्रुपवर टाकला.