फडावर गेलेल्यांच्या वाटणीचं पाणी

लाख, मेणबत्ती आणि शिक्का घेऊन मी शेषाबाईंच्या दारात उभा होतो आणि त्या उंबऱ्यावरून हलायला तयार नव्हत्या.

"लावा की सील. आमी आतच बसतो. आमच्यासकट लावा."

मी परळीत नगरपरिषदेचा लायसन इन्स्पेक्टर. वैजनाथाला आलेले यात्रेकरू घरात भाड्याने उतरवायचे तर आमची परवानगी लागते. त्या दुष्काळात नवा नियम निघाला. टँकरच्या वस्तीत यात्रेकरू ठेवायचे नाहीत, जादा पाणी लागतं. स्वतःची बोअर असलेल्या लॉजना मात्र मोकळीक. नियम कुणाच्या सोयीचा, हे सगळ्या गावाला कळत होतं. माझंही डोकं फिरलं होतं, पण नोकरी होती.

शेषाबाईंचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. अशा रिकाम्या खोल्या बायकांची सहकारी संस्था यात्रेकरूंना द्यायची. सील म्हणजे दाराला कुलूप आणि वर लाखेचा शिक्का. तोडला तर गुन्हा. घराला दार एकच, त्यामुळे बाई आणि दोन नातवंडंही रस्त्यावर येणार होती.

"पोरांला घिऊन कुठं जाऊ, सायब?"

तेवढ्यात टँकर आला. गल्लीत यात्रेकरू होते, तरी पाणी पुरून उरलं. निम्म्या घरांना कुलपंच होती. मग माझी ट्यूब पेटली. टँकर ठरवताना माणसं आम्हीच मोजली होती, पण दसऱ्याआधी. तेव्हा सगळे घरी होते. दिवाळीनंतर निम्मी वस्ती उसाच्या फडावर गेली आणि हिशेब तोच राहिला. यात्रेकरू त्यांच्याच वाटणीचं पाणी पीत होते.

मी तसाच ऑफिसात गेलो.

"सील लावलं?" मुख्याधिकारी साहेबांनी विचारलं.

"नाही. लावणारही नाही. तिथं जादा पाणी लागत नाही." मी मोजणीचं सांगितलं.

"मग टँकर कमी करू."

"करा. पाणीच वाचवायचं असेल तर लॉजच्या बोअरही मोजू. त्याच जमिनीतलं पाणी आहे. उद्या सकाळी मीटर घेऊन मीच जातो."

साहेबांनी सीलचा कागद फायलीत परत सरकवला. "तुम्हाला फार शहाणपण आलंय," एवढंच म्हणाले.

महाशिवरात्रीला शेषाबाईंच्या खोलीत यात्रेकरू उतरले. टँकर तेवढाच येत राहिला. लॉजच्या बोअर कुणी मोजल्या नाहीत. माझी बदली मात्र यात्रा संपायच्या आत वडवणीला झाली. मी आनंदाने गेलो.

आता कुठलाही नियम समोर आला की मी एकच विचारतो: माणसं मोजली तेव्हा घरी कोण होतं?