दडे बसले तेव्हा

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत सगळे तिला अक्का म्हणत. मॅनेजरसुद्धा म्हणायचा, आणि तो तर तिच्यापेक्षा वयाने मोठा होता. चादरींना इस्त्री करणाऱ्या भल्यामोठ्या रुळाशी अक्का उभी असायची. ओल्या चादरीचे दोन कोपरे धरून झटका द्यायची आणि चादर अशी सरळ आत सोडायची, की पलीकडे घडी घालणाऱ्या बाईला एक सुरकुती सापडायची नाही. रुळाची घरघर, धुलाईच्या यंत्रांचा धडधडाट आणि वाफेचे फुत्कार यांत बोलायची सोयच नव्हती. बायका हातवारे करत, नुसते ओठ हलवत, आणि निम्मं कळलं नाही तरी मान डोलवत.

अक्काच्या स्वभावाला ते बरंच होतं. कुणाकडे काही मागायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. हात भाजला तर नळाखाली धरायची आणि पुन्हा कामाला लागायची. "अक्काच्या तोंडात जीभ आहे का, एकदा बघायला पाहिजे," बायका म्हणत. ती हसायची आणि पुढची चादर उचलायची.

जीभ होती, पण ती फक्त धाकटीसाठी राखून ठेवलेली. धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिची वेणी घालण्यापासून ते तिला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलं. धाकटी लग्न होऊन समुद्रापलीकडच्या शहरात गेली ती तिकडचीच झाली. पण फोन चालू असायचा. धाकटी पहिल्यापासून बडबडी. भाजी निवडता निवडता ती अख्ख्या गल्लीची हालहवाल सांगायची. अक्काही मग सुटायची. "आई फोनवर कुणी वेगळीच बाई असते," असं तिचा मुलगा चिडवायचा.

मग धाकटीच्या घशाला आजार झाला. आधी आवाज घोगरा झाला, मग बसला, आणि ऑपरेशननंतर नुसती कुजबुज उरली. ती कुजबुज फोनमधून पोचेना. धाकटीचा मुलगा फोन तिच्या तोंडाशी धरायचा आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. अक्का त्या श्वासाशीच बोलत राहायची. एके दिवशी त्या भाच्यानेच फोन केला.

"मावशी, आता ये. नंतर नको."

एवढंच म्हणाला. त्याचा आवाज ऐकून अक्काने पुढचं काही विचारलं नाही.

मुलाने तिकीट काढलं. अक्का कधी विमानात बसली नव्हती, आणि तिचे कान नाजूक. लहानपणी एक कान फुटला होता, तेव्हापासून घाटातून नुसती बस उतरली तरी तिला डोकं धरून बसावं लागे. त्यातून वाफेत आणि गारठ्यात ये-जा करून सर्दी झालेली. सून शाळेत शिकवायची, त्यामुळे समजावून सांगायची तिला दांडगी हौस. ती औषधाच्या दुकानातून एक छोटी डबी घेऊन आली. डबीत मऊ रबराची दोन इअरप्लग होती, भेंडीच्या टोकाएवढी.

"अहो आई, नीट बघा. ही साधी बुचं नाहीत. यांच्या आत बारीक गाळणी असते. विमान खाली यायला लागलं की हवेचा दाब वाढत जातो, आणि तुमचे कान आधीच चोंदलेत. ही तो दाब एकदम आत शिरू देत नाहीत, हळूहळू सोडतात. म्हणून ठणकत नाही."

"आणि मला ऐकू कसं येणार?"

"थोडंफार येतं. आणि विमानात तुम्हाला ऐकायचंय काय? गाणं?"

अक्का हसली. "कानात बुचं घालून बसलेली म्हातारी बघून लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते तुम्हाला ऐकू येणार नाही. तोच तर फायदा." सुनेने डबी तिच्या हातात ठेवली. "उतरायच्या बऱ्याच आधी घालायची. दुखायला लागल्यावर घालून उपयोग नाही. आणि विमानाचं दार उघडेपर्यंत काढायची नाहीत. म्हणा बघू."

अक्काने शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं.

विमान वर चढताना तिने बुचं घातली आणि जीव मुठीत धरून बसली. पण काहीच झालं नाही. कान जरा भरल्यासारखे झाले, टक् करून वाजले, आणि मोकळे. सुनेचं कौतुक वाटलं तिला. खिडकीतून कापसासारखे ढग बघताना मनात आलं, हे सगळं धाकटीला सांगायचं. आपण बोलू, ती ऐकेल. ती कुजबुजेल, आपण कान तिच्या तोंडाला लावून ऐकू. फोनमधून पोचत नाही ते जवळून पोचेल.

जेवणाचा ट्रे आला. बुचं घालून खाताना स्वतःचं चावणंच डोक्यात खडी फोडल्यासारखं ऐकू येऊ लागलं, म्हणून तिने ती काढली. डबी वरच्या सामानात राहिली होती. तिने बुचं कागदी रुमालात गुंडाळली आणि पुडी ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली. थोडं खाल्लं. आदल्या दिवसापासून डोळ्याला डोळा नव्हता, कधी पेंग आली तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ट्रे नव्हता.

तिने मांडीवर बघितलं, सीटच्या खाली चाचपलं, समोरच्या जाळीत हात घातला. शेजारी चष्मेवाल्या एक बाई पुस्तक वाचत होत्या. त्यांनी विचारलं, "काही हरवलं का, काकू?"

"काही नाही. कानातली बुचं होती, रुमालात. ट्रेबरोबर गेली बहुतेक."

"मग बेल दाबू का? ट्रे नेणारी मुलगी बघेल. कदाचित त्यांच्याकडे दुसरीही असतील."

"नको, नको. कशाला उगाच? ती बिचारी आता कचऱ्यात हात घालणार का!"

"अहो, विचारायला काय जातं?"

"राहू द्या. होईल काहीतरी."

बाईंनी बेलकडे नेलेला हात मागे घेतला आणि पर्समधून एक लिमलेटची गोळी काढून दिली. "निदान ही चघळा. सारखी थुंकी गिळत राहा."

विमान खाली झुकलं. गोळी संपेपर्यंत बरं होतं. मग आधी फुटक्या कानात आणि मागोमाग चांगल्या कानात कुणी दाभण टोचून आत ढकलावं तशी कळ निघाली. ती जबड्यात उतरली, कपाळात चढली. अक्काने आवंढे गिळले, नाक दाबून बघितलं, जांभई आणायचा प्रयत्न केला. सर्दीने सगळे रस्ते बंद. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून तिने ब्रही काढला नाही. चष्मेवाल्या बाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. चाकं जमिनीला टेकली, तो धक्का तिला पायांतून कळला. आवाज आला नाही. जग कुणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं.

बाहेर भाचा उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला, मिठी मारली, आणि त्याचे ओठ हलत राहिले.

"कानाला दडे बसलेत जरा," अक्का म्हणाली. स्वतःचा आवाज तिला रिकाम्या पिंपातून आल्यासारखा वाटला. "सुटतील."

गाडीत तो मोठ्याने बोलत होता. तिला मधूनच एखादा शब्द लागे. "घरीच आणलंय." "तिची इच्छा." "तुझीच वाट."

धाकटी खिडकीजवळच्या पलंगावर होती. इतकी लहान झालेली, की अक्काला वेणी घालायच्या दिवसांतली तीच पोर आठवली. अक्काला बघून तिचा चेहरा उजळला. भाच्याने आईची उशी नीट केली आणि काहीतरी खूण करून औषध आणायला खाली गेला. धाकटीसाठी ठेवलेल्या नर्सबाई स्वयंपाकघरात होत्या. दोघी बहिणी एकट्या राहिल्या.

धाकटीने तिचा हात ओढला. अक्का वाकली, अगदी कान तिच्या ओठांपाशी नेला. गालाला गरम श्वास लागला, ओठांचा ओझरता स्पर्शही झाला. पण कानात फक्त तिच्याच रक्ताची धडधड होती. तिने झटकन दुसरा कान लावला. तिथेही तेच. मग मागे सरून ती धाकटीचे ओठ बघू लागली. लाँड्रीत ओठांवरून "थांब" कळायचं, "गरम" कळायचं, "चहा" तर लगेच कळायचा. हे मोठं होतं, सावकाश होतं, आणि त्यातलं एक अक्षर तिला लागेना. धाकटी काहीतरी विचारत होती. शेवटच्या अक्षरावर तिचे ओठ मिटले, भुवया किंचित वर गेल्या आणि ती थांबली. उत्तराची वाट बघत थांबली.

मला ऐकू येत नाही गं, एवढंच म्हणायचं होतं. पण बोलून बोलून ती केवढी दमली होती! तिला पुन्हा सगळं बोलायला लावायचं? इथे येऊनही आपलंच रडगाणं सांगायचं? संध्याकाळपर्यंत दडे सुटतील, मग विचारू सावकाश.

अक्काने मान डोलवली. "हो," म्हणाली. "हो गं बाई, हो."

धाकटीने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं की ही गोष्ट आता संपली असं काही होतं, ते अक्काला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

दुपारी ती झोपली ती उठली नाही. नर्सबाईंनी मनगट हातात धरलं, भाच्याकडे बघितलं, आणि तो आईच्या पायांशी बसून रडला. त्याचं रडणं अक्काला दिसत होतं.

सगळं उरकल्यावर नर्सबाईंनी तिला डॉक्टरकडे नेऊन कान तपासून घेतले. पडद्याला सूज होती. नाकात थेंब घालायचे आणि वाट बघायची. मग एका सकाळी कपबशा विसळताना तिला जांभई आली, दोन्ही कानांत कडकन काहीतरी उघडलं, आणि नळाच्या पाण्याचा आवाज धो धो आत शिरला. मागोमाग रस्त्यावरची गाडी, वरच्या मजल्यावरची पावलं, कुणाचंतरी हसणं. अक्काने नळ बंद केला आणि ओट्याला टेकून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. भाचा धावत आला. त्याने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ती शांत झाल्यावर म्हणाला, "मावशी, विचारायचं धाडस होत नव्हतं. त्या दिवशी मी खाली गेलो होतो, तेव्हा आई तुझ्याशी काहीतरी बोलत होती, असं नर्सबाईंनी दारातून बघितलं. काय म्हणाली गं?"

तुझी काळजी घ्यायला सांगितली, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मेलेल्या बहिणीच्या तोंडात आपले शब्द कसे घालायचे?

"मला ऐकू आलं नाही रे. माझे कान बंद होते. मी नुसतं हो म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस? मी ऐकून सांगितलं असतं. ती असेपर्यंत मला तिचं सगळं कळायचं."

त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. बेल न दाबणाऱ्या बाईकडे काय उत्तर असणार?

परतीच्या दिवशी भाच्याने विमानतळावरच्या दुकानातून इअरप्लगची नवी डबी आणली आणि स्वतःच्या हाताने तिच्या कानात बसवून दिली. विमानात जेवण आलं, तिने ते घेतलंच नाही. विमान खाली आलं तेव्हा कान हलकेच भरले, हलकेच रिकामे झाले. मुळीच दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तिच्या मनात आलं. इतकं सोपं होतं सगळं.

पुन्हा ती रुळाशी उभी राहिली. चादरी सरळ जात होत्या. पण समोरची बाई ओठ हलवून काही विचारू लागली की अक्का आता मान डोलवत नाही. सरळ यंत्राला वळसा घालून पलीकडे जाते आणि म्हणते, "काय म्हणालीस? परत सांग." बायका आधी हसल्या. मग तिचा चेहरा बघून हसेनाशा झाल्या.

रविवारी भाच्याचा फोन येतो. तो आईसारखा बडबड्या नाही, पण शिकतोय. एकदा तो म्हणाला, "मावशी, मी खूप विचार केला. आई बहुतेक 'जेवलीस का' असंच विचारत असणार. दारात कुणीही आलं तरी तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. डॉक्टरलासुद्धा विचारायची."

"हो, विचारायची खरी," अक्का म्हणाली, आणि दोघं हसली.

फोन ठेवल्यावर अक्का आरशासमोर गेली. "जेवलीस का," तिने आवाज न करता म्हणून बघितलं. शेवटी तोंड उघडं राहत होतं. धाकटीचे ओठ शेवटच्या अक्षराला मिटले होते. ते तिने नीट बघितलं होतं, तेवढंच तर बघितलं होतं.

भाच्याला मात्र तिने हे सांगितलं नाही.