सतरावं कलम

घटना पाठ करायची असेल तर ती घरात नेऊन ठेवा, असं आमच्या क्लासचे सर म्हणायचे. क्रांती चौकाजवळच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या हॉलमध्ये आम्ही सगळे स्पर्धा परीक्षावाले डोळे मिटून बसायचो. "आपल्या घराच्या दारात उभे राहा. उंबऱ्यावर पहिलं कलम, चपलांच्या जागी दुसरं. प्रत्येक कलमाचं मनातलं चित्र जितकं विचित्र तितकं ते पक्कं बसतं. त्यात आवाज असला तर मरेपर्यंत विसरणार नाही." मला हे सगळं थोतांड वाटलं होतं. मी मूळचा घोकंपट्टीवाला. पण पूर्वपरीक्षेत दोनदा आपटल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

आमचं घर मुकुंदवाडीत, दोन खोल्यांचं. एवढ्याशा जागेत घटना मावायची कशी, हीच पंचाईत. मग मी एकेका भांड्यावर एकेक कलम ठेवत गेलो.

वडील मी शाळेत असतानाच गेलेले. ताई लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहायची. घरात आई आणि मी. आई एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. तिला सहीपुरती अक्षरं यायची, पण घटना लिहिणाऱ्यांचा फोटो आमच्या भिंतीवर होता आणि आमच्याकडे 'घटना' या शब्दाला एकच अर्थ होता. मी काय करतोय हे तिला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून बाहेर आली.

"आपल्या घरात ठेवली व्हय घटना? कुठं कुठं ठेवली, दाव बरं."

मी तिला सगळं घर फिरवून दाखवलं. तेव्हापासून तिला नादच लागला. झाडताना विचारायची, "इथं कुठलं हाय रं?" मी सांगायचो, चौदावं. मग ती तिथं झाडू जपून मारायची. मी हसायचो. आता वाटतं, माझ्यापेक्षा तिचाच अभ्यास मनापासून चालला होता.

सतराव्या कलमासाठी मला चित्र सापडत नव्हतं. अस्पृश्यता नष्ट करण्याचं कलम. आईला सांगितलं तर ती माहेरचं सांगायला लागली. तिचं माहेर अजिंठ्याकडचं. तिच्या आईला विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं, कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. एवढं सांगून ती उठली, स्वयंपाकाच्या खोलीत गेली, रिकामी स्टीलची कळशी उचलली आणि फरशीवर आपटली.

"सतराव्याला मीच उभी ऱ्हाते. आला का आवाज? आता इसरशील का?"

त्यानंतर तो आमचा खेळच झाला. मी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसलेला असलो की ती मधूनच कळशी आपटायची. मी ओरडायचो, "सतरा!" आणि आतून तिचं हसू यायचं. शेजारीण एकदा भांडण चाललंय समजून बघायला आली होती.

तो रविवार होता, आईला सुट्टी. बारा वाजता तिनं मला भाकरी वाढली, लई बारीक झालास म्हणाली. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि ती आत ड्रम भरत होती. बरोबर दोन वाजता मी मोबाइलवर वेळ लावून बाहेरच्या खोलीत बसलो. एका कलमाला सव्वा मिनिट, मोठ्यानं म्हणायचं, उंबऱ्यापासून सुरू करून मागच्या मोरीपर्यंत. मी मनातल्या मनात स्वयंपाकाच्या खोलीत शिरलो आणि सोळावं संपता संपता कळशी पडली.

"सतरा!" मी ओरडलो आणि पुढं निघालो. अठरा, एकोणीस, वीस.

हसू आलं नव्हतं. ते मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी आज लिहून टाकतो. कळलं होतं आणि मी कानाडोळा केला, कारण थांबलो असतो तर वेळ चुकली असती.

एक्कावन्न कलमं झाली आणि डोळे उघडले तेव्हा तीन वाजून गेले होते. आतून पाण्याचा ओघळ माझ्या सतरंजीपर्यंत आला होता. आई ड्रमजवळ पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली. डोळे मात्र उघडे होते.

रिक्षातच ताईनं विचारलं, "पडल्याचा आवाज नाय का आला तुला?"

"नाय," मी म्हणालो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घाईनं विचारलं, "घटना कधी घडली?" क्षणभर मला प्रश्नच समजला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की वेळ सांगा, मेंदूत गुठळी आहे, ठरावीक तासांच्या आत असेल तरच इंजेक्शन देता येतं. मला वेळ माहीत होती, अगदी मिनिटापर्यंत. ताई माझ्या शेजारी उभी होती.

"माहीत नाही. मी अभ्यास करत होतो."

"मग शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?"

"सकाळी, चहाच्या वेळी." बारा वाजताची भाकरी मी सांगितली नाही.

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, मग तेव्हापासूनच धरावं लागेल, आता देण्यात धोका आहे. अजूनही उशीर झाला नव्हता. एका वाक्याचं काम होतं. संपूर्ण मूलभूत हक्क उपकलमांसकट पाठ असलेला मी, भिंतीला टेकून उभा राहिलो.

त्यानंतर मी परीक्षा सोडून दिली असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी परीक्षा दिली आणि पास झालो. आता एका सरकारी कचेरीत टेबल आहे. नातेवाईक म्हणतात, आईचे पांग फेडलेस.

आईची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पगार सुरू झाल्यावर बोलावलेल्या वाचा शिकवणाऱ्या बाई घरी येऊन सांगून गेल्या की बोलता न येणाऱ्यांनाही कधी कधी सवयीचे आकडे येतात, रोज सोबत बसून एक ते वीस म्हणा. रोज संध्याकाळी मी कचेरीतून आलो की तिच्या खाटेशी बसायचो. ती माझ्याबरोबर पुटपुटायची, हळूहळू आकडे ओळखू यायला लागले. पण सोळा झाले की तोंड मिटून घ्यायची आणि माझ्याकडे बघत राहायची. महिनाभर हेच चाललं.

एका रविवारी ताई आली होती. तिनंही ते बघितलं.

"सोळाच्या म्होरं का जात नाय रं आई? दमते का?"

मी तिला सांगितलं. कळशी, माझं ओरडणं, दवाखान्यात काय बोललो ते, सगळं. आई ऐकत होती.

ताईनं एवढंच विचारलं, "किती वाजले होते?"

"दोन वाजून वीस मिनिटं."

तिनं पदरानं आईचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्यापासून आईजवळ मी बसत जाईन. तू बाहेर बस."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून दोघींचे आवाज येत होते, ताईचा स्पष्ट, आईचा जड. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. आई कुठंच अडली नाही. वीसपर्यंत गेली.