तेल लावलेले बोल्ट

कॉलेजच्या गिर्यारोहण क्लबात बोल्ट निवडायचं काम माझ्याकडे आलं, ते मी इंग्रजी माध्यमात शिकले होते म्हणून. डांगातल्या एका कातळाच्या माथ्यावर दोर बांधायला धड झाड नव्हतं. तिथे दोन बोल्ट ठोकायचे, त्यांवर हँगर, म्हणजे भोक असलेली वाकवलेली पोलादी पट्टी, बसवायची आणि तिच्यात अडकवलेल्या दोरावरून आम्ही मुलींनी उतरायचं, असं ठरलं. पहिली मी, कारण सगळ्यांत हलकी. क्लबच्या सरांनी परदेशी माहितीपत्रक हातात दिलं आणि वाचून काय घ्यायचं ते सांग म्हणाले.

वाचता सगळं येत होतं. खाली खेचणारा भार, बाहेर ओढणारा भार, दगडातली खोली. पण डोळ्यांसमोर काही येत नव्हतं. हँगर आणि बोल्ट एकाच धातूचे हवेत, नाहीतर गंज लवकर धरतो, एवढं मात्र समजलं. बाजारात बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेलेच मिळत होते, म्हणून सरांकडच्या हँगरांतले चकचकीत स्टेनलेसचे बाजूला ठेवून तसेच मुलाम्याचे निवडले. बरोबर केलं का, कोणाला विचारावं कळेना.

दुकानदाराने विचारलं, "बेन, हिंचको टांगवो छे?" झोपाळा नाही, मी स्वतः लटकणार आहे, हे गुजरातीत समजावण्यापेक्षा मान हलवणं सोपं वाटलं. चार माणसं बसली तरी हलणार नाही, अशी खात्री त्याने दिली. ती मी घरी घेऊन आले.

सकाळी बोल्ट फळीवर चमकत होते. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, रात्रपाळीला निघण्याआधी एकेकाला लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, तेल चोपडलं होतं. खानदेशातून आल्यापासून ते डिंडोलीजवळच्या कारखान्यांत लूम दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या हातून कुठलंही लोखंड कोरडं जात नसे. सहलीला हो म्हणताना ते फारसं बोलले नव्हते. बोलायचं होतं ते बहुधा हेच.

मी पुन्हा माहितीपत्रक काढलं. भोक स्वच्छ आणि कोरडं हवं, असं लिहिलं होतं. तेलाबद्दल अक्षर नाही. पण नट आवळला की बोल्टभोवतीची नळी आत फुगून दगडाला धरते, तर तेलाने ती सुटणार नाही का? सरांना विचारलं. ते म्हणाले, नळीला नको, आट्यांना चालेल. मग थोडा विचार करून म्हणाले, फरक पडणारही नाही कदाचित, तूच बघ.

संध्याकाळी मी मोरीत धुण्याच्या पावडरीने बोल्ट घासत बसले होते. अप्पा मागे येऊन उभे राहिले.

"तेल काबरं काढलं?"

फ्रिक्शनला मराठीत काय म्हणतात ते मला त्या क्षणी आठवेना. दगड धरत नाही, असं काहीतरी बोलले.

"कोरडा बोल्ट जाम होतो, माय."

"जामच व्हायला पाहिजे, अप्पा."

कुठून आवाज येतोय ते सापडत नसलेल्या लूमकडे बघावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसून एकेक बोल्ट फडक्याने पुसायला लागले. पाणी राहिलं तर गंजेल, म्हणाले. शेवटी हळूच विचारलं, "आट्यांना तरी लावू?"

लावा म्हटलं. त्यांनी काडेपेटीच्या काडीने प्रत्येक नटाखाली एक थेंब सोडला. तो थेंब ओघळून नळीपर्यंत गेला तर, हा विचार मला रात्री सुचला, पण तोवर ते कामावर गेले होते.

कातळावर सरांनी नट आवळले, दोर ओढून पाहिला आणि मला खूण केली. मी काठावरून मागे झुकले. खाली बघायचं सोडून नटाकडेच बघत होते. त्याच्या कडेला तेल चमकत होतं. बोल्ट जागचा हलला नाही.

घरी अप्पा जेवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "हलला?"

"नाही."

"तेल होतं ना," ते म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

त्यांचं चुकतंय असं म्हणण्याइतकं मला तरी कुठे ठाऊक होतं?