गंजाडची सफरचंदं

माझ्या घरामागे, मोरीचं पाणी जातं तिथे, एक सफरचंदाचं झाड आहे. तलासरी तालुक्यात, झरीला. हसा, हसा, सगळेच हसतात. चौथं वर्ष चाललंय. फळ सोडा, त्याच्यावर कावळासुद्धा बसत नाही. पण कुणी त्याला हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.

लावलं माझ्या दादाने. तो गंजाडला असतो. थोडी भातशेती, थोडे चिकू. माणूस मुळात अबोल. पण झाड लावलं त्याच्या आदल्या वर्षी तर पार मिटलाच. ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, जेवण नाही, बोलणं नाही. भगताने दोरा बांधला, कोंबडी घेतली. कोंबडी गेली, दादा तसाच. शेवटी वहिनीने पदर खोचला आणि त्याला डहाणूला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पावसाळा सरेपर्यंत दादा उठला, शेतावर जायला लागला, माझ्या हातच्या भाजीला नावंही ठेवायला लागला. म्हटलं, झाला बरा.

आता माझा पराक्रम ऐका. मी अंगणवाडी सेविका. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देते आणि समोर उभी राहून गिळायला लावते. "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही, कळलं?" हे मी झोपेतही बडबडते, असं आमचे हे सांगतात. आणि ह्याच तोंडाने मी दादाला म्हटलं, "ठणठणीत झालास की! आता कशाला रोज गोळी? लोक वेडा म्हणतील." दादा माझं ऐकतो. तेव्हाही ऐकलं.

महिनाभर काही नाही. मग दादा बोलायला लागला. अहो, काय बोलायला लागला! कुणाच्या तरी हळदीला माइक हिसकावून गाणी म्हटली, अख्ख्या पाड्याला जेवायला बोलावलं, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून चिकू वाटले. आणि एक दिवस टेम्पो भरून सफरचंदाची रोपं आणली. "इथून काश्मीरला पाठवू," म्हणाला. पाडा खूश. शेजारचे काका म्हणाले, "आता कुठे माणसात आला." वर स्वतःसाठी दोन रोपं मागूनही नेली.

एका पहाटे फटफटीवरून माझ्या दारात हजर, हातात रोप. चहासुद्धा न घेता खड्डा खणला, रोप लावलं, पाणी घातलं आणि निघालाही. मागोमाग वहिनीचा फोन, "बाय, हे चार रात्री झोपले नाहीत गं." मी काय म्हणावं? "असू दे वहिनी, उत्साह आहे. बिचारा इतके दिवस गप्प होता."

खरं सांगते, मला तो दादा आवडला होता. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याशी पोटभर बोलत होता. त्याला आजार म्हणायला माझी जीभ रेटेना.

पाऊसपाणी सुरू व्हायच्या आत तो पुन्हा भिंतीकडे वळला. आणि एका दुपारी वहिनीचा फोन आला, "बाय, शेतावर विहिरीपाशी ये, आत्ताच." मी पोचले तर दादा शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर, पाय आत सोडून. चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. वहिनीने त्याचा सदरा मुठीत गच्च धरला होता. तासभर ती तशीच धरून उभी होती. मी दंड धरला. दोघींनी मिळून ओढून त्याला मागे घेतलं आणि तसंच डहाणूला नेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भिंतीकडे तोंड करून पडणं आणि ही सफरचंदं, दोन्ही एकाच आजाराची. उतार तसा चढही आजारच. आणि चार रात्री झोप नाही म्हटल्यावर तेव्हाच यायचं होतं." मग विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "मीच."

दिवसभरात तो तेवढंच बोलला. बाहेर बाकड्यावर बसून मी इतकी रडले की शिपायाला वाटलं, पेशंट मीच.

तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, मधूनमधून रक्त तपासतात. दादा पुन्हा अबोल झालाय, पण भातलावणी करतो, भाजीला नावं ठेवतो. काका अजून म्हणतात, "गोळ्यांनी माणसाची मजा घालवली." काकांना मी काय सुनावते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी तीच फटफटी दारात. मी धावत बाहेर आले. दादा सरळ मागे गेला आणि त्या झाडापाशी उभा राहिला.

"बाय," म्हणाला, "तीन रात्री झोप नाही. कालपासून वाटतंय, अख्ख्या शेतात परत हीच लावावी." खिशातून किल्ली काढून त्याने माझ्या हातात दिली. "गाडी तू चालव. डॉक्टरकडे जाऊ."

"गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारलं.

"चालू आहेत," दादा मागच्या सीटवर बसत म्हणाला. "आता तू सांगितलंस तरी सोडणार नाही."